दर बाजाराला वाढणारं बाळ

बायको सातव्या महिन्यात असताना मी बाजारातून एक डांगर आणलं, ते पाड्यावरच्या बायांसमोर सुपात ठेवलं आणि सांगितलं, की आपलं बाळ आता एवढं झालंय.

डांगर म्हणजे लाल भोपळा. मी आणलेला दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा होता. बाळ वजनानं त्याच्या चौथ्या हिश्श्याचंही नव्हतं. हा मूर्खपणा मला काही एका दिवसात सुचला नाही. तिथवर पोचायला पाच-सहा महिने मेहनत घेतली होती, म्हणून तो सुरुवातीपासूनच सांगतो.

मी डी.एड. झालेला माणूस. मास्तर व्हायचं म्हणून शिकलो आणि भरतीची वाट बघता बघता मोखाड्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. घर सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर. सकाळी मोटरसायकलवरून जायचं, दिवेलागणीला परत. या धंद्यानं मला एक खोड लावली. वस्तू बिघडली की ती उघडायची. आत बघितलं, की निम्मा जीव शांत होतो. मग दुरुस्त होवो न होवो. त्या वर्षी पावसाळ्यात बायकोला दिवस गेले आणि माझ्या घरात पहिल्यांदाच असं काहीतरी सुरू झालं, जे उघडून बघता येत नव्हतं.

"आत काय चाललंय?" मी बायकोला विचारलं.

"मळमळतंय."

"ते नाही. बाळाचं काय चाललंय?"

"मी हितं भायेर बसलीय. मला काय ठावं?"

आमच्याकडं नवऱ्याला अहो-जाहो करायची फारशी पद्धत नाही, हे इथंच सांगून ठेवतो. नाहीतर पुढं वाचणाऱ्याला माझी बायको फटकळ वाटेल. ती फटकळ नाही. माझ्याशी बोलताना तिचा नाइलाज होतो.

मग मी मोबाईलमध्ये एक ॲप घेतलं. आई होणाऱ्या बायांसाठी होतं ते, हिंदीतून बोलायचं. शेवटच्या पाळीची तारीख टाकली, की दर आठवड्याला आत काय झालं ते सांगायचं आणि बाळ केवढं झालं ते दाखवायला एखाद्या दाण्याचं नाहीतर फळाचं चित्र काढायचं. पाड्यावर रेंज नाही. रेंज टेकाडावरच्या उंबराखाली, तीही वारा बरा असला तर. तिथं उभं राहून मी पहिल्यांदा बघितलं, तर बाळ मसुराच्या दाण्याएवढं होतं आणि त्या दाण्यात हृदय सुरू झालेलं होतं.

मसुरात हृदय! मी टेकाडावरून पळत खाली आलो. आई चुलीपुढं बसली होती.

"आये, त्याचं काळीज धडधडतंय."

"कुणाचं?"

"बाळाचं. मसुराएवढंय ते."

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तुझंच धडधडतंय. आधी बस, पानी पी."

इथवर सगळं ठीक होतं. पण मी मास्तर न झालेला माणूस. पोटात राहिलेली शिकवण्याची हौस कुठून तरी बाहेर पडणारच. पुढच्या आठवडी बाजाराला मी वालाचे दाणे घेऊन आलो, त्यातला एक सुपात ठेवला आणि आईला, बायकोला आणि दळण घ्यायला आलेल्या शेजारणीला समजावून सांगितलं, की आता हाताला बोटं फुटताहेत, आधी ती बदकाच्या पायासारखी जोडलेली असतात आणि मग सुटी होतात. शेजारीण खुळ्यासारखी त्या दाण्याकडं बघत राहिली. मला इतकं लक्ष देऊन कुणी कधी ऐकलं नव्हतं. डी.एड.च्या सराव पाठातसुद्धा नाही.

मग दर बाजाराला हेच. दिवाळीच्या पुढं-मागं आवळा झाला, त्यानंतर लिंबू. लिंबाच्या वेळी मी सांगितलं, की बाळ आता अंगठा तोंडाकडं नेतं, त्याला नखं येताहेत. एका आठवड्याला ॲपनं एक परदेशी फळ दाखवलं. हिरवं, पेरूसारखं पण मानेकडं निमुळतं, कातडी मगरीची. मी ते चित्र घेऊन जव्हारच्या बाजारात फळवाल्याकडं गेलो. त्यानं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "हे कुणाला झालंय?" शेवटी मी घरी कच्ची पपई नेली, छोटी बघून, आणि ठोकून दिलं, की हे त्याच मापाचं.

एवढ्यात दिवाळी सरली, भातकापणी आटपली आणि अर्धा पाडा कामाला बाहेर पडला. कुणी भिवंडीकडं, कुणी वीटभट्टीवर. बायकोचे आईवडीलही भट्टीवर गेले, म्हणून तिचं पहिलटकरणीचं माहेरपण हुकलं आणि ती आमच्याकडंच राहिली. मागं राहिलेल्या बायकांना संध्याकाळी दुसरी करमणूक नव्हती. बाजाराच्या दिवशी माझ्या गाडीचा आवाज आला, की त्या पडवीत येऊन बसायच्या. आशाताईसुद्धा यायची. आमच्या चार पाड्यांच्या गरोदर बायांकडं बघणारी ती बाई, वजन करणारी, लोहाच्या गोळ्या देणारी. ती म्हणायची, "दादा, चांगलं करतोस. मी सांगते ते कुणी ऐकत नाय, तुझी भाजी बघायला सगळ्या येतात."

प्रयोग संपला, की आई ती भाजी चिरायची. बायको तेवढी भाजी सोडून बाकीचं जेवायची.

"का गं? आवडत नाही?"

"मघा म्हनालास, हे आपलं पोर. आता खा म्हनतोस."

सगळे हसले, मीही हसलो. बाई आपल्या ताटातलं काही बाजूला सारते आहे, ही गोष्ट मी तेव्हा विनोद म्हणून ऐकली.

पाचव्या महिन्यात बाळ हललं. बायको तांदूळ निसत होती, हात तसाच सुपात राहिला. "मासोळी फिरल्यावानी झालं," ती म्हणाली. मी हात धुऊन पोटावर ठेवला. काही नाही. हात काढला, की ती म्हणायची, "बघ, आता." ठेवला, की गप्प. हा खेळ कितीतरी दिवस चालला. आईच्या हाताला लागलं, शेजारणीच्या लागलं, आशाताईच्या लागलं. माझ्या हाताला बाळ असं स्तब्ध व्हायचं, जसा शाळातपासणीला साहेब आल्यावर वर्ग. पुढं ॲपनं सांगितलं, की आता बाळाला ऐकू येतं, आईचा आवाज ओळखीचा होतो, बाहेरचे आवाजही पोचतात. मग मी रोज संध्याकाळी पोटाजवळ तोंड नेऊन त्याला दुकानातली हकिकत सांगायचो. कुणाचा फोन भाताच्या पाण्यात पडला, कुणी चार्जिंगच्या भोकात काडी मोडली. बायको तोंडावर पदर घेऊन झोपून जायची. बाळही झोपत असावं.

आणि मग सातवा महिना. ॲपनं त्या आठवड्याला कोबी दाखवला. आता कोबीला काय बघायचं? पडवी भरलेली असायची, शेजारच्या पाड्यावरूनही दोघीतिघी यायला लागल्या होत्या. एवढ्या लोकांपुढं मी कोबी ठेवायचा? बाजारात एका म्हातारीपुढं मोसमातलं उरलंसुरलं डांगर पडलेलं होतं. पिवळसर तांबडं, गुळगुळीत, बुडाला टेकून बसलेलं. ते मला बाळासारखं दिसलं. खरं सांगतो, मापाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. ते शोभेल एवढंच वाटलं.

सुपात डांगर ठेवल्यावर पडवीत कुणी बोललं नाही. मी त्या शांततेलाही दाद समजलो. शेवटी पलीकडच्या घरातली म्हातारी पुढं सरकली, तिनं डांगरावरून हात फिरवला, मग माझ्या बायकोच्या कमरेकडं बघितलं आणि म्हणाली, "आनि ह्ये निघंल कुठून?"

हशा झाला. बायको हसली नाही. मी मोबाईल घेऊन टेकाडावर गेलो, कारण पुढच्या आठवड्याचं चित्र बघायची मला घाई होती.

मागं चुलीपाशी काय ठरलं, ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं. आमच्याकडं जुनी समजूत आहे, की शेवटच्या महिन्यांत गरोदर बाईनं पोट मारून राहावं. जास्त जेवली, तर बाळ मोठं होतं आणि मोठं बाळ अडतं. पूर्वी दवाखाना डोंगरापलीकडं होता, अडलेली बाई डोलीतून नेता नेता वाटेतच जायची. तेव्हा लहान बाळ होणं हाच एक उपाय बायकांच्या हातात होता. आता गाडी येते, रस्ता आहे, आशाताई घसा फोडून सांगते, की पोटभर जेवा. समजूत मागं पडत चालली होती. माझं डांगर बघून ती पुन्हा उठून बसली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात एक भाकर जास्त यायला लागली.

मला वाटलं, प्रेम. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर, ते सुद्धा सातव्या महिन्यात, बाईला नवऱ्याची भूक दिसायला लागली म्हणून मी हरखून गेलो. नागलीची भाकर, वर कधी सुकटीची चटणी, कधी उडदाचं बेसन. मी सगळं संपवायचो. दुकानात गिऱ्हाइकं म्हणायची, घरचं मानवलं दिसतं. शर्टाची गुंडी ताणायला लागली, तर मी घरी येऊन ती कौतुकानं दाखवली. बायकोनं गुंडीकडं बघितलं आणि सुईदोरा आणला.

चैत्रात आशाताई दाराशी उभी राहिली. तिच्या काट्यावर बायकोचं वजन सरकत नव्हतं. "ह्या खेपंला जव्हारला चला, दोघंबी," एवढंच म्हणाली. एरवी खूप बोलणारी बाई एवढं थोडकं बोलली, तेव्हाच मी दुकान बंद ठेवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी आशाताईला घेऊन आम्ही सकाळच्या एस.टी.नं गेलो.

जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बायकोच्या पोटावर टेप धरली. पुन्हा धरली. मग सोनोग्राफीला पाठवलं. तिथं मला आत सोडलं नाही. दारावर नजर ठेवून बाकावर बसलो. आत माझं बाळ एका पडद्यावर दिसत होतं, उघडल्यासारखं, ज्याच्यासाठी मी इतके महिने तडफडत होतो, आणि मी बाहेर समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र वाचत होतो.

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. "बाळाची वाढ हवी तशी नाही," त्या म्हणाल्या. "महिन्याच्या मानानं लहान आहे. जेवता किती?"

बायको खाली बघत राहिली. "अर्धी भाकर."

"दिवसाला?"

"वक्ताला."

"का? खावंसं वाटत नाही?"

"वाटतं."

"मग?"

बायकोनं मान माझ्याकडं वळवली. "ह्यो म्हनाला, डांगरायेवढं झालंय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "डांगर कुणी सांगितलं?"

"ॲपनं," मी म्हणालो.

"ॲपनं डांगर सांगितलं?"

"कोबी सांगितला होता."

दारात उभ्या असलेल्या आशाताईनं पदराचं टोक तोंडात धरलं. तिनंही त्या दिवशी पडवीत माझं डांगर दोन्ही हातांनी उचलून बघितलं होतं.

"बरं, मग उरलेली भाकर कुठं जायची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ह्याच्या डब्यात."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटाकडं बघितलं. तिथली वाढ हवी तशी होती.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यांनी बायकोला नीट समजावलं. म्हणाल्या, की हातपाय, डोळे, काळीज, सगळं तयार व्हायचं ते पहिल्या महिन्यांतच होतं. शेवटचे महिने असतात भरायचे. कातडीखाली चरबी धरते, म्हणजे जन्मल्यावर अंगात ऊब राहते. मेंदू वाढतो. फुप्फुसं सगळ्यात शेवटी तयार होतात. "घर बांधून झालंय, आता कणग्या भरायच्या दिवसांत तुम्ही दार लावून घेतलंत."

"मी लावलं," मी म्हणालो. "माझ्यामुळं झालं हे."

"तसं एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही," त्या म्हणाल्या. "रक्त कमी आहे. वारेतून पुरवठा कमी पडत असेल. कधीकधी भरपूर जेवणाऱ्या बाईचंही बाळ वाढत नाही. आता मागचं सोडा." आणि त्या पुन्हा बायकोशी बोलायला लागल्या. थोडं थोडं पण सारखं खायचं. डाव्या कुशीवर पडायचं. जेवल्यावर बाळ हलतं का, तिकडं लक्ष ठेवायचं. हललं नाही, तर थांबायचं नाही, सरळ इकडं यायचं.

मला त्यात काहीही काम नव्हतं. मी दोषसुद्धा मागून बघितला, तोही पुरता मिळाला नाही. माझ्या चुकीनं झालं असतं, तर निदान माझ्या हातून काहीतरी घडलं असं झालं असतं. आता तर आत जे चाललं होतं त्याला माझी चूकही धडपणे लागू होत नव्हती.

परतीच्या एस.टी.त मी बायकोला म्हटलं, "मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? तू दर बाजाराला मोठं मोठं करत व्हतास. मला वाटायचं, मी फाटून मरल."

"मी कधी म्हटलं जेवू नको?"

"नाय म्हनालास. मीच भ्याले." आणि तिनं खिडकीबाहेर बघितलं. तिनं मला माफ केलं असं नाही. तिनं मला त्यात धरलंच नाही.

घरी आईला सांगितलं, तर ती बराच वेळ चुलीतली राख सारखी करत राहिली. "माझ्या सासूनं मला असंच ठेवलं व्हतं," ती म्हणाली. "तू निघालास ना?"

"किती वजनाचा निघालो?"

"तव्हा काटा कुठं व्हता? पायलीत मावला असतास." मग राखेकडंच बघत, "मला काय ठावं रं पोरा. मला वाटलं, सुटंल बिचारी लवकर." एवढं बोलून ती उठली आणि कोंबडीच्या खुराड्यात हात घालून अंडी चाचपायला लागली.

त्यानंतरचे दिवस मी कसा वागलो, ते आठवलं की माझं मलाच हसू येतं. पण तेव्हा येत नव्हतं. मी तासातासाला तिच्यापुढं काहीतरी धरायचो. शेंगदाण्याचा लाडू, नागलीची पेज, उकडलेलं अंडं. ती म्हणायची, जागाच नाही, बाळ खालून जठर दाबतंय, दोन घासांत पोट भरतं. इतके दिवस भूक होती आणि ताट नव्हतं, आता ताट होतं आणि जागा नव्हती. मी समोर उकिडवा बसून तिच्या घशाकडं बघायचो, घास उतरला का. "तू आधी उठ हितून," ती म्हणायची. "कोंबडं बघतंय असं वाटतं."

मग मी पाणी भरायचं ठरवलं. आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याचे हाल. विहीर तळाला जाते, तळातल्या झऱ्यातून वाटीनं भरावं लागतं. तिनं हंडा उचलायचा नाही म्हटल्यावर आई एकटीच खेपा घालायची. मी हंडा घेऊन गेलो. रांगेत सगळ्या बायका. त्यांनी मला जागा दिली, हंडा भरून दिला, डोक्यावर चुंबळ ठेवून वर चढवूनही दिला. मी चढण चढायला लागलो. वळणापाशी पाय सरकला आणि हंडा माझ्या अंगावरून खाली गडगडत पुन्हा त्यांच्याच पायाशी जाऊन पोचला. उन्हाळ्यात सांडलेल्या पाण्याला कुणी हसत नाही. पण एक जण ओल्याचिंब मला बघून म्हणालीच, "दादा, बाळंतीन तुझी बायको व्हनार हाय का तू?" दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यातली कुणी ना कुणी जाता जाता आमच्या दारात एक कळशी ओतून जायची. मला परत विहिरीवर येऊ नको म्हणून निरोपही आला.

एका दुपारी मी दुकानात असताना आईनं शेजारच्या पोरीला टेकाडावर पाठवून फोन केला. बाळ सकाळपासून हललं नाही. मी दुकान तसंच टाकून निघालो. गाडी कशी चालवली ते आठवत नाही. घरी आलो, तर बायको डाव्या कुशीवर भिंतीकडं तोंड करून पडलेली. आईनं गुळाचं पाणी पाजलं होतं. आशाताईनं दवाखान्याची गाडी सांगितली होती, ती घाट चढत होती.

मी तिच्या पाठीशी बसलो. माझा हात तिनं स्वतःच ओढून पोटावर ठेवला. मला एकच विचार आला, की माझ्या हाताला ते कधीच हललेलं नाही, माझा हात अपशकुनी आहे. मी काढायला लागलो. तिनं दाबून धरला. वर उन्हानं पत्रा तडतडत होता. इतके महिने मला त्याच्या आतलं सगळं ठाऊक होतं; कोणत्या आठवड्यात पापण्या उघडतात, कोणत्या आठवड्यात उचकी लागते. आणि आता ते आहे की नाही, एवढंच ठाऊक नव्हतं. मला बोलावंसं वाटलं, काहीतरी सांगावंसं वाटलं. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

मग तळहाताला आतून काहीतरी टेकलं. जोरात नाही. कुणीतरी दारावर एकच टकटक करून निघून जावं, तसं.

"लागलं?" बायको म्हणाली.

मी मान हलवली. तिची पाठ माझ्याकडं होती, तिला ती दिसली नसणार. पण तिनं पुन्हा विचारलं नाही.

गाडी आली. जव्हारला डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकले, पुन्हा तपासलं आणि म्हणाल्या, की वाढ किंचित झाली आहे, पण बाळाभोवतीचं पाणी कमी होत चाललंय. आता ते आत राहण्यापेक्षा बाहेर बरं. दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. तिचं रडणं मांजराच्या पिल्लासारखं, बारीक, पण आलं. वजन दोन किलोच्या आत.

मला दाखवली तेव्हा मी घाबरून हात मागं घेतला. सगळं होतं तिला. नखं, भुवया, कानाच्या पाळ्या. फक्त भरलेलं नव्हतं. मांडीवरची कातडी मोठ्या बहिणीचं झबलं घातल्यासारखी सैल. तळपाय थंड. चरबी नाही म्हणून तिला ऊब धरता येत नव्हती. नर्सबाईंनी तिला उघडीच बायकोच्या उघड्या छातीवर ठेवली, वरून फडकं बांधलं आणि सांगितलं, की हीच काचेची पेटी, हीच शेकोटी, हिला असंच ठेवायचं, दिवसरात्र. थेंब थेंब दूध वाटीनं पाजायचं. पुढचे काही दिवस बघू.

बायको बसून राहिली. टेकून, मान अवघडून, पाय सुजलेले. हलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई तिला म्हणाल्या, उठ, अंग पूस, नीट जेव. बाळाला तेवढा वेळ दुसरं कुणीतरी धरेल. आई पुढं झाली. पण आईला खोकला होता. नर्सबाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि त्यांची नजर दाराशी उभ्या असलेल्या माझ्यावर आली.

"बाबा ना? शर्ट काढा."

"मी?"

"बाबाच्या अंगातही ऊब असते. हात धुवा, छाती पुसा आणि पडा तिथं."

बायांच्या वॉर्डात मी शर्ट काढून पडलो. शेजारच्या खाटांवरच्या बाळंतिणींनी तोंडं फिरवली, एकीचे खांदे हसून हलत होते. नर्सबाईंनी पोरीला माझ्या छातीवर ठेवलं, पालथी, डोकं एका बाजूला, बेडकासारखे पाय दुमडलेले. वर फडकं बांधलं. वजन असं नव्हतंच. ओला रुमाल ठेवल्यासारखं वाटलं. आणि त्या रुमालात काळीज, जोरजोरात, माझ्या बरगडीवर.

बायको कोपऱ्यात पाठ टेकून पहिल्यांदा सावकाश जेवत होती. अख्खी भाकर. मी तिच्याकडं बघायचं टाळलं, मला कोंबडं व्हायचं नव्हतं. बराच वेळ गेला. नर्सबाईंनी येऊन पोरीच्या तळपायाला हात लावला आणि म्हणाल्या, "आले गरम." आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

आले गरम! मी मान किंचित उचलली आणि पोरीला हलक्या आवाजात सांगायला लागलो, की हे बघ, हा दवाखाना, ही तुझी आजी, आणि तुझा बाप तसा मोखाड्याला दुकान चालवतो, तिथं परवा काय झालं माहीत आहे का... माझी छाती हलायला लागली, तशी पोरगी दचकली, बोटं फाकवून कण्हली.

आईनं खाटेशी येऊन माझं डोकं कपाळाला धरून खाली दाबलं.

"गोधडी कव्हा बोलती का रं? गप पड."